बाळंतिणीच्या कानावर

जयराजचा फोन आला तेव्हा लीलाबाई डिंक तळत होती. लेक शिवांजली पहिल्या बाळंतपणाला माधवनगरला माहेरी आलेली, मुलगी झालेली, आणि दुसऱ्या दिवशी बारसं. घरभर तुपाचा वास, अंगणात भाड्यानं आणलेल्या खुर्च्यांची चळत. जयराज म्हणजे फौजेत असलेल्या जावयाचा, वीरधवलचा, थोरला भाऊ, पाटणकडं शेती बघणारा, कामापुरतं बोलणारा माणूस. त्यानं आधी विचारलं, "मावशी, एकट्याच हायसा न्हवं?" चांगली बातमी सांगायच्या आधी असं कुणी विचारत नाही. लीलाबाईनं गॅस बारीक केला.

"वीरूच्या गाडीवर दरड आली. तिकडं वर, डोंगरात. जीव वाचलाय, मावशी, ते आधी ऐका. पर डावा पाय गुडघ्याखालनं काढावा लागला."

जयराजच पुढं बोलत राहिला.

"शुद्धीवर आला आन् पयलं हेच म्हणला, शिवांजलीला सव्वा महिना कळू देऊ नका. आमच्या आईचंबी तेच म्हणणं हाय. दूध आटंल, लेकराचं हाल हुतील. तुमास्नी काय वाटतं?"

"न्हाई कळू देत," लीलाबाई म्हणाली.

एवढं सोपं होतं ते. तीन शब्द बोलून तिनं फोन ठेवला आणि मग तिच्या अंगाला बातमी कळली. जीभ टाळ्याला चिकटली. कानात जुन्या गिरणीचा भोंगा वाजायला लागला आणि ती आधी संडासाकडं पळाली. परत आली तर डिंक करपलेला. खोलीतून शिवांजलीनं विचारलं, "आई, काय करपलं गं?" लीलाबाई म्हणाली, "काय न्हाई." पुढं एकोणीस दिवस ती हेच दोन शब्द म्हणत राहिली.

बाळंतिणीच्या कानावर वाईट घालायचं नाही, हा आपल्याकडचा कायदा. तो कुठं लिहिलेला नाही, पण मोडायची छाती कुणाची नाही. शिवांजली बारा दिवसांची होती तेव्हा लीलाबाईचे वडील वारले होते. तिला कुणी सांगितलं नाही. तिकडं बापाचा दहावा झाला त्या दिवशी ती इकडं खाटेवर बसून अळिवाची खीर खात होती. सव्वा महिन्यानं कळलं तेव्हा रडायलासुद्धा सोबत कुणी उरलं नव्हतं, सगळ्यांचं रडून झालेलं. पण दूध मात्र भरपूर आलं होतं. सासू पुढं कित्येक वर्षं चारचौघीत सांगायची, "बघा, आमी सांगितलं न्हाई म्हणून पोरगी अशी बाळसेदार." लीलाबाईला ते कधी पटलं नाही आणि कधी खोडताही आलं नाही. आज पाळी आली तेव्हा तिनं तेच केलं.

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. हरिबा तसा सोन्यासारखा माणूस, गिरणी बंद पडल्यापासून दुसऱ्याच्या द्राक्षबागेत राबत होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला सकाळी सांगावं तर दुपारी चहाच्या टपरीवर चर्चा, आणि संध्याकाळी स्वतःच लेकीपुढं बसून हुंदके. म्हणून लीलाबाईनं ते ओझं एकटीनंच उचललं.

बारशाला तिनं पाळणा म्हटला. नातीचं नाव प्रियदर्शनी ठेवलं, ते नाव वीरधवलनंच महिनाभर आधी सुचवलेलं. बायका म्हणाल्या, जावई आला असता तर बरं झालं असतं. लीलाबाई म्हणाली, "रजा मिळाली न्हाई. सव्वा महिन्याला येणार हायती."

पहिले चार दिवस तिच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. पहाटे चारला उठायची, माळ्यावरची भांडी काढून घासायची, धुतलेल्या गोधड्या पुन्हा धुवायची. बसलं की छाती धडधडायची, म्हणून ती बसतच नव्हती. शेजारची धोंडुबाई बाळ-बाळंतिणीला तेल लावायला यायची. ती म्हणाली, "नात झाली तर आजीच तरणी झाली की गं!" लीलाबाई हसली. हसताना गालाचे स्नायू दुखले.

पाचव्या दिवसापासून त्या बळाची वसुली सुरू झाली. आधी झोप गेली. मग भूक. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा, गिळायची आठवणच व्हायची नाही. मानेपासून खांद्यापर्यंत दोरी पिळल्यासारखं झालं. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. एके दुपारी अंगभर गांधी उठल्या, लाल लाल, खाजून जीव नकोसा. हरिबा म्हणाला, पित्त. आता पित्ताचं कसं आहे, डोकं दुखलं तरी पित्त, चक्कर आली तरी पित्त, सुनेनं उलट उत्तर दिलं तरी पित्तच. आमसुलाचं पाणी लावलं, प्यायलं. गांधी बसल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठल्या.

ती झोपेत दात खायला लागलीय, हे शिवांजलीच्या ध्यानात आलं. शेजारच्या अंथरुणावरून करकर आवाज यायचा. धोंडुबाईनं लगेच निदान केलं, "जंत झाल्यात. कारल्याचा रस घे." लीलाबाईनं तोही घेतला. बिचाऱ्या कारल्याचा काय दोष.

शेवटी हरिबा तिला सांगलीत डॉक्टरकडं घेऊन गेला. रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली, पोटाचं यंत्रावर बघितलं. सगळं स्वच्छ. फक्त रक्तदाब चढलेला. डॉक्टर बाई समजूतदार होत्या. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "मावशी, मनावर कसला ताण आहे का? शरीर खोटं बोलत नाही." लीलाबाईनं तोंड उघडलं. एवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून हरिबा म्हणाला, "तिला कसला आलाय ताण, मॅडम? नात झालीया आमाला!" आणि त्यानं खिशातून पेढ्याचा पुडा काढला. डॉक्टरांनी पेढा घेतला, गोळ्या लिहून दिल्या. लीलाबाईनं तोंड मिटलं.

इकडं वीरधवलला पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आणलं होतं. तो रोज संध्याकाळी बायकोला फोन करायचा, नुसता आवाजाचा. वर चौकीवर नेट नाही, व्हिडिओ लागत नाही, असं ठरलं होतं. खोटं ठरवणारे चौघं, आणि ते खरं मानणारी एकटी. सुरुवातीला तिनं मानलंही. पण बाळ तेविसाव्या दिवशी पहिल्यांदा हसल्यासारखं झालं, आणि तिला ते त्याला दाखवायचं होतं.

"दोनच मिंटं लावा की," ती म्हणाली. लीलाबाई तेव्हा शेगडी घेऊन दारात उभी होती.

तिकडून तो काहीतरी पुटपुटला.

"रोज तेच. सगळ्यांच्या नवऱ्यांस्नी नेट मिळतंय, तुमालाच न्हाई व्हय? सरळ सांगा की, पोरगा पायजे हुता. पोरगी झाली म्हणून तोंड बघायची हौस न्हाई तुमास्नी."

"तसं न्हाई गं."

"मग दाखवा तोंड!"

फोन बंद झाला. शिवांजली भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. लीलाबाईनं शेगडी खाली ठेवली. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, आणि ते ओरडणं तिनं दातांखाली असं दाबलं की दाढेचा टवका उडाला. त्या रात्रीपासून तिचा जबडा धरला. दोन बोटांपलीकडं तोंड उघडेना. भाकरी दुधात कुस्करून खायची पाळी आली, आणि लेकीच्या नजरेतून काही ते सुटलं नाही.

आता पोरगी काही कुक्कुलं बाळ नव्हती. बी.कॉम. झालेली, चार माणसांत वावरलेली. आईचा चेहरा ओढलेला, झंपर अंगावर लोंबायला लागलेलं. दवाखान्यातली फाईल आणली ती कपाटावर, हात पोचणार नाही अशी ठेवलेली. फोन आला की आई परसात जाते, हळू आवाजात बोलते, आणि आली की डोळे लाल. एकदा धोंडुबाई तेल लावत असताना तिनं विचारलं, "मावशे, आईला काय झालंय?" धोंडुबाईला कशाचा काही पत्ता नव्हता. पण आयुष्यभराची सवय. ती म्हणाली, "तुला काय करायचंय? तू बाळंतीण हायस. तू आपली खा-पी, लेकराला पाज."

झालं. शिवांजलीला जे कळायचं ते कळलं.

अठ्ठाविसाव्या दिवसापासून बाळ रडायला लागलं. छातीशी लावलं की दोन घोट ओढायचं, सोडायचं आणि टाहो फोडायचं. लीलाबाईनं खिरीत अळीव वाढवले, शतावरी आणली, खसखस वाटली. धोंडुबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. एकतिसाव्या दिवशी आरोग्यसेविका वजन घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, "वाढायचं सोडून उतरलंय. छातीशी लावत राहा, पण तोवर वरचं दूध द्या. आणि बाई, तुझ्या मनात काय आहे?"

दुपार होती. हरिबा बागेवर गेला होता. लीलाबाई खिरीची वाटी घेऊन खाटेशी बसली. शिवांजलीनं वाटी बाजूला सारली.

"आई, खरं सांग. कॅन्सर हाय न्हवं तुला?"

लीलाबाईनं वाटी उचलून मांडीवर धरली.

"माझ्यापासनं लपवताय सगळी. मी काय आंधळी हाय? दहा दिस झालं, पोरीला पाजायला घेतलं की तूच दिसतीस डोळ्यांपुढं. तुझ्या मागं ह्या पोरीला आजी कुठली दाखवू, ह्येच. दूध कुठनं येणार?"

इथं लीलाबाईच्या मनात जे आलं त्याची तिला पुढं फार लाज वाटली. तिला वाटलं, हो म्हणावं. आठवड्याचाच प्रश्न होता. जावयाच्या पायापेक्षा आईचा रोग बरा, आई आज ना उद्या जायचीच. खोट्यावर आणखी एक खोटं, त्यात काय मोठं. ती 'व्हय' म्हणायला तयार झाली होती. पण जबडा उघडेना. आणि बाळ त्याच क्षणी पुन्हा छातीवरून तोंड काढून रडायला लागलं, बारीक, दमलेल्या आवाजात. महिन्याच्या लेकराचा आवाज दमलेला नसतो. ते रडणं लीलाबाईला सोसलं नाही.

"मला काय झालेलं न्हाई," ती दातांतून म्हणाली. "वीरधवलला अपघात झाला. जीवाला धोका न्हाई. डावा पाय गेला, गुडघ्याखालनं. पुण्याला हायती, दवाखान्यात."

शिवांजलीनं आधी फक्त पहिलंच ऐकलं. "म्हंजे तुला काय न्हाई?"

"न्हाई."

तिनं मोठा श्वास सोडला. तोंडावर जरा रंगही आला. मग बाकीचं तिच्यापर्यंत पोचलं, आणि तो रंग गेला.

"कवा?"

"बारशाच्या आदल्या दिशी."

ती बोटांवर मोजायला लागली. ओठ हलत होते. एका बोटावर ती थांबली.

"म्हंजे मी त्यास्नी बोलले तवा..."

"व्हय."

"पोरगी झाली म्हणून तोंड बघत न्हाई म्हणाले मी. पाय तोडलेल्या माणसाला." तिनं मान वर केली. "तू हितंच हुतीस. शेगडी घिऊन."

"व्हय."

"ऐकत हुतीस."

"ऐकलं."

"आन् मला बोलू दिलंस?"

"तुझं दूध..." लीलाबाई म्हणाली. एकोणीस दिवस जे कारण डोंगराएवढं वाटत होतं ते आता वाटीतल्या खिरीएवढंही उरलं नव्हतं. दूध होतं तेव्हाही तिनं सांगितलं नाही आणि दूध आटत चाललेलं दिसत होतं तेव्हाही सांगितलं नाही. तिला लेकीचं तोंड बघायचं नव्हतं, हे खरं. ही बातमी ऐकतानाचं ते तोंड. ते आता समोर होतं, आणि त्यात तिच्याविषयी जे काही दिसत होतं ते तिला मरेपर्यंत विसरायचं म्हटलं तरी विसरता आलं नसतं.

"बाहेर जा, आई," शिवांजली म्हणाली. आवाज चढला नव्हता.

लीलाबाई सोप्यात येऊन भिंतीला टेकली. आत फोन लागल्याचा आवाज झाला. त्यानं उचलला असावा, कारण शिवांजली म्हणाली, "कळलंय मला." मग, "पाय दावा." तिकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. "दावा म्हणते न्हवं." रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली, तिचा खडखडाट संपेपर्यंत लीलाबाईनं श्वास धरून ठेवला होता. नंतर आत दोघंही रडत होती, आणि त्या रडण्यात शिवांजलीचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, "तसलं बोलायला नको हुतं मी. नको हुतं."

आता लीलाबाईला खरं तर भिण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तरी दात वाजायला लागले, भर दुपारी हुडहुडी भरली. इतके दिवस अंगानं उभं राहायचं म्हणून जे धरून ठेवलं होतं ते सगळं एकदम सोडलं. ती जमिनीवर बसली. पदर अंगाभोवती गुंडाळला आणि थरथर थांबायची वाट बघत राहिली.

थोड्या वेळानं दार उघडलं. शिवांजलीचे डोळे सुजले होते. खांद्यावर बाळ हुंदके देत होतं. तिनं आईकडं बघितलं नाही, तिच्या डोक्यावरून अंगणात बघत ती म्हणाली, "पोरीला भूक लागलीया. अजून काय येत न्हाई. नर्सबाईनं सांगितली ती पावडर आण. आन् उद्या पुण्याला जायाची गाडी बघाय सांग आबास्नी."

"सव्वा महिना..." लीलाबाईच्या तोंडून सवयीनं निघालं.

शिवांजलीनं तेव्हा तिच्याकडं बघितलं. लीलाबाई भिंतीला धरून उठली, चपला घातल्या आणि निघाली.

मेडिकल चौकात होतं, पाच मिनिटांवर. तिला दुप्पट वेळ लागला. काउंटरवर एक तरुण माणूस मोबाइल बघत बसला होता. ओळखीचा नव्हता. तिनं पावडर मागितली.

"बाळ किती दिवसांचं?"

"एकतीस."

त्यानं फळीवरून डबा काढला, झाकणावरची तारीख बघितली. मग सहज, गिऱ्हाईकाला विचारावं तसं विचारलं, "का वो मावशी, आईला दूध न्हाई?"

'न्हाई' म्हणून डबा घेऊन निघता आलं असतं. लीलाबाईनं काउंटरची कड धरली.

"माझ्या जावयाचा पाय गेला," ती म्हणाली. "मी लेकीला सांगितलं न्हाई. एकोणीस दिस. ती त्यास्नी नको नको ते बोलली आन् मी दारात उभी राहून ऐकलं."

मागं कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, त्याला दुकानातल्या तरुणानं हातानं थांबवलं आणि आतलं स्टूल बाहेर काढून तिच्यापुढं ठेवलं. लीलाबाई बसली नाही. बसली असती तर उठली नसती, आणि घरी लेकरू उपाशी होतं. तिनं डबा पदराखाली घेतला. रडत रडतच तिनं त्याला विचारलं, "पोरा, ह्यात पाणी किती घालायचं? गरम का कोमट?"